किती

सव्वासातचा ब्रिज कोर्स, नेरूळचं कॉलेज, तिसरा मजला,
लिफ्ट फक्त स्टाफसाठी.
सुरवाडे मिस फळ्यावर मधोमध रेघ मारतात:
डावीकडे मोजता येणारं,
उजवीकडे न येणारं.

खुर्ची डावीकडे, फर्निचर मात्र उजवीकडे,
म्हणजे चार खुर्च्या मोजल्या तरी फर्निचर एकही नाही.
पाणी उजवीकडे. दूध, वाळू, तांदूळ.
होमवर्क उजवीकडे, कितीही दिला तरी.
पैसा उजवीकडे,
आणि अख्खा वर्ग हसला.
फीचा दुसरा हप्ता ज्याचा राहिलाय
तो जरा उशिरा हसला.

नवनाथ उभा राहिला. बाप तुर्भ्याला मार्केटात माथाडी.
"मिस, तांदूळ मोजतात की. पप्पा रोज दीडशे उचलतात."
"दीडशे काय?"
"गोणी."
"मग मोजल्या त्या गोणी. तांदूळ नाही."
नवनाथ खाली बसला,
स्वतःचाच खांदा चोळत.

भांडं आणा, मग मोजता येतं, मिस म्हणाल्या.
कप आणा, चहा मोजा. पोतं आणा, साखर मोजा.
मी वहीत लिहून घेतलं: भांडं आणणे.
आणि मान वर केली तर
उजव्या बाजूला सगळ्यात खाली
त्यांनी लिहिलं होतं, मीठ.

आपल्यात एकच किती.
पोरं किती, पाणी किती, वय किती,
तुला सांगू तरी किती,
सगळं त्या एका शब्दात उरकतं.
यांच्यात विचारायच्या आधीच ठरवायचं
समोरचं मोजण्यातलं आहे की नाही.
हाऊ मेनी.
हाऊ मच.
तोंड उघडून मी तशीच थांबते
आणि समोरच्याला वाटतं, हिला इंग्रजी येत नाही.

घरी, कराव्याला, डिक्शनरी उघडली.
मिठागर: सॉल्ट पॅन.
पॅन म्हणजे मला ठाऊक तो आमचा नॉनस्टिक.
"आगो, तव्यावं मीठ पिकतं का?"
आजा हसला, ज्या बाजूला दात उरलेत त्या बाजूनं.
मी म्हटलं, इंग्रजीत मीठ मोजत नाहीत.
तो हसायचा थांबला.
"मोजला नय तं मजुरी कशी भेटंल?"

मग सांगत बसला.
टोपली राशीवर रिकामी केली
की मुकादम तळहातावर एक शिंपली ठेवायचा.
पदराला गाठ, गाठीत शिंपल्या.
सांजेला शिंपल्या मोजायच्या, टोपल्या नाही.
चाळीस शिंपल्या, चाळीस टोपल्या.
वाटेत एखादी पडली
तर ती टोपली कुणी वाहिलीच नाही.
आजीची पडली होती एकदा, बांधावर, लग्नाच्या वर्षी.
कंदील घेऊन दोघांनी चिखल चाळला.
मुकादमानं चाळीसचे दिले.
आजी जाऊन नऊ वर्षं झाली,
आजा अजून एक्केचाळीस म्हणतो.

तिथं आता सेक्टर आहे. सेक्टरला नंबर आहे.
बिल्डिंगला नंबर, पार्किंगला नंबर,
झाडांनासुद्धा पिवळ्या रंगानं नंबर.
डाव्या बाजूचं गाव झालंय आमचं.
आजा संध्याकाळी तिकडे तोंड करून बसतो
आणि आपल्या आगराबद्दल बोलताना
अजून वर्तमानकाळ वापरतो.
मी दुरुस्त करत नाही.
तो धडा आमचा पुढच्या आठवड्यात आहे.

सोमवारी टेस्ट झाली. प्रश्न चौथा, गाळलेली जागा भरा.
हाऊ डॅश सॉल्ट डिड दे कॅरी.
मी मच लिहिलं.
बरोबर. एक गुण.
पण त्याच्या शेजारी आधी पेन्सिलीनं
एक आकडा लिहून मी खोडला होता.
खोडरबर जुना, आकडा पुरता गेला नव्हता.
मिसनी त्याला लाल पेनानं गोल केलाय
आणि बाजूला बारीक अक्षरात, मराठीत, विचारलंय:
एक्केचाळीस काय?